फायनल ड्राइव्हला हात नका लावू भो
कार गेमसाठी गाडीचा मॉड बनवायच्या एका लेखात दिलंय की गेममधली गाडी खऱ्यापेक्षा जास्त पळते तर फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरचा शेवटचा गिअर रेशो, सगळ्या गिअरला लागू होणारा) बदला, पण मग पहिल्यापासून सगळ्याच गिअरचा स्पीड बिघडतो ना भो. हिशोब करा, 185/65 आर15 टायरचा घेर साधारण 1.95 मीटर, पाचव्या गिअरचा रेशो 0.8, फायनल ड्राइव्हचा 4, म्हणजे इंजिनच्या 6000 आरपीएमला ताशी 219 किमीचा स्पीड येतो, आता साधी हॅचबॅक कुठं 219 जाते, हवाच अडवते तिला, वेग दुप्पट केला की हवा कापायला ताकद आठपट लागते. म्हणून गिअर खऱ्या गाडीसारखेच ठेवा, गेममधला ड्रॅग (हवेचा अडथळा) नि पॉवर तपासा. आपल्या धुळ्याजवळच्या लळिंग घाटात पाचव्यात गाडी दम टाकते, चौथा टाकला की उचलते, गेममध्येबी तसंच पाहिजे. अन टायर साइज बघाच, मॉडवाले (गेमसाठी गाड्या बनवणारे) तिथंच घोळ घालतात