रोल अडवणारे आणि तास मोजणारे

कुठल्याही आरपी (रोलप्ले, म्हणजे एखादं कॅरेक्टर होऊन खेळायच्या) सर्व्हरवर थोडे महिने काढले की ही अनाउन्समेंट एकदा तरी वाट्याला येतेच. "सर्व डिपार्टमेंट हेड आणि फॅक्शन लीडर यांनी लक्ष द्यावं. आठवड्याला किमान दहा तास ऑन-ड्यूटी नसाल तर रोल काढून घेतला जाईल." खाली दोन मिनिटांत अंगठ्यांची रांग लागते. मग स्टाफच्या डीएममध्ये रडारड सुरू होते. मी अंगठा देणाऱ्यांत होते आणि नंतर ती रडारड वाचणाऱ्यांतही होते, त्यामुळे हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

काही रोलना अ‍ॅक्टिव्हिटीची अट हवीच. पण ती तासांत मोजायची हा स्टाफचा निव्वळ आळस आहे, असं माझं मत झालंय.

आधी अट का हवी ते सांगते. "गेमच आहे ना, नाही आला तर नाही आला" असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक कधी गायब बॉसच्या गँगमध्ये दिवस काढलेले नसतात. जीटीए या गेमच्या फाइव्हएम सर्व्हरवर (फाइव्हएम म्हणजे लोकांना आपापले सर्व्हर चालवू देणारा मॉड) ज्या तयार स्क्रिप्ट चालतात, त्यांत सहसा एक बॉस मेन्यू असतो. नवा माणूस घ्यायचा, कुणाला बढती द्यायची, कुणाला काढायचं, गटाच्या खात्यातून पैसे उचलायचे, हे सगळं त्या मेन्यूतून होतं आणि तो उघडतो फक्त सर्वांत वरच्या ग्रेडला. म्हणजे बॉस आला नाही की गोष्टीतला एक माणूस कमी झाला, एवढ्यावर ते भागत नाही. अख्ख्या गटाचं कुलूप बंद होतं आणि किल्ली त्याच्या खिशात. मी असा एक नवा पोरगा पाहिलाय, ज्याने आपल्या कॅरेक्टरची पानंच्या पानं पूर्वकथा लिहून आणली होती. रोज यायचा, अड्ड्याच्या दाराशी उभा राहायचा, ओळखीच्यांशी दोन वाक्यं बोलायचा आणि निघून जायचा. त्याला आत घ्यायला सगळे तयार होते, पण बटण कुणाकडेच नव्हतं. शेवटी तो दुसऱ्या सर्व्हरवर गेला, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

लिहून चालणाऱ्या आरपीत तर हे आणखी छळतं. तिथे एकाची पोस्ट आली की दुसऱ्याची पाळी. समोरच्याने तलवार उगारलेली असते, तुम्ही बाजूला उडी मारलेली असते, आणि पुढे तीन आठवडे तुम्ही हवेतच. त्यात एखाद्याने लोकप्रिय मालिकेतलं मुख्य पात्र 'रिझर्व्ह' करून ठेवलेलं असेल आणि महिन्याला एक पोस्ट टाकत असेल, तर ते पात्र घ्यायला टपलेले बाकीचे दात-ओठ खात बसतात. अशा ठिकाणी अ‍ॅक्टिव्हिटी चेक ही फार जुनी पद्धत आहे, आणि ती उगाच आलेली नाही.

तासांची सवय कुठून लागली असावी याचा माझा एक अंदाज आहे. फाइव्हएमवर सुरुवातीच्या काळात एका सर्व्हरवर फक्त ३२ जण मावायचे. त्यात पोलिसांचे चार-पाच स्लॉट धरले, तर एकेक जागा सोन्याची. जागा अडवलीस तर वापर, हा हिशोब तेव्हा रास्त होता. पुढे वनसिंक ही जास्त प्लेअर सामावून घेणारी सोय आली आणि ही मर्यादा शेकड्यांच्या पुढे गेली. टंचाई संपली, नियम मात्र तसाच कॉपी-पेस्ट होत राहिला. नवा सर्व्हर उघडणारे आजही जुन्या सर्व्हरची नियमावली उचलतात आणि वरचा लोगो बदलतात.

आता तासांचं काय होतं ते बघा. स्टेशनच्या मागे पार्किंगमध्ये पेट्रोलिंगची गाडी उभी. आत सार्जंट बसलाय, हेडलाइट चालू, रेडिओवर कुणी हाक मारली तर उत्तर नाही. प्लेअर घरात दुसरंच काहीतरी करतोय आणि कीबोर्डच्या एका बटणावर नाणं ठेवलंय, म्हणजे सिस्टीम एएफके (कीबोर्डपासून दूर) म्हणून बाहेर काढणार नाही. कंट्रोलर असेल तर स्टिकला रबर बँड. कॅरेक्टर भिंतीला नाक लावून चालतंय, चालतंय, चालतंय. लॉगमध्ये चार तास जमा. उलट एक बाई आमच्याकडे जज होती. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या संध्याकाळीच यायची, पण एक खटला असा रंगवायची की दोन गँग, सगळे वकील, पोलीस आणि नुसते बघे मिळून कोर्टरूम तुडुंब भरायची, आणि पुढचा आठवडाभर शहरात त्याचीच चर्चा. तिचे तास भरले नाहीत म्हणून तिला डिमोट केलं. सार्जंट राहिला.

त्यात टाइमझोनचा घोळ वेगळा. ज्याच्या फुरसतीच्या वेळी सर्व्हर ओस पडलेला असतो, तो रिकाम्या शहरात गाडी फिरवून दहा तास भरतो. कुणाशी एक सीन होत नाही, पण मस्टरवर सही झाली म्हणजे नोकरी पक्की.

आणि खेळाचं काम झालं की माणसाचा रस कसा आटतो, हे काही मी आज शोधून काढलेलं नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. स्केचपेनने चित्रं काढायची आधीच आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना सांगितलं की चित्र काढलंस तर रिबन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. नंतर पेन नुसते समोर ठेवल्यावर, बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. आणि गंमत म्हणजे त्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं होतं 'गुड प्लेअर'! १९७५ मध्ये लेपर आणि ग्रीन यांनी कोडी सोडवणाऱ्या मुलांना "कॅमेऱ्यातून तुमच्यावर लक्ष आहे" असं सांगून पाहिलं. नुसत्या नजरेखाली राहूनही त्यांची गोडी कमी झाली. बालवाडीतली मुलं आणि आपण यांत फरक आहे, मान्य. पण ड्यूटीचा लॉग म्हणजे तोच कॅमेरा.

यावर स्टाफचं एक ठरलेलं उत्तर असतं, "मग काय नवख्याला चीफ करायचं?" इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते. रोल मिळण्याआधीचा अनुभव वेगळा आणि मिळाल्यानंतरची हजेरी वेगळी. 'स्पेस स्टेशन १४' या अंतराळस्थानकावरच्या आरपी गेममध्ये विभागप्रमुख व्हायचं तर त्या विभागात ठरावीक तास आधी खेळलेले असावे लागतात. हे मला पटतं, कारण ज्याला इंजिन सुरू करता येत नाही त्याच्या हाती इंजिनिअरिंग दिलं तर सगळं स्टेशन अंधारात जातं. ते तास एकदा भरले की भरले. त्याच घराण्यातल्या 'स्पेस स्टेशन १३'च्या बऱ्याच सर्व्हरवर आणखी एक सुंदर सोय आहे. मध्येच जायची वेळ आली तर कॅरेक्टरला क्रायोपॉडमध्ये नेऊन झोपवायचं. पॉड बंद झाला की त्याची जागा आपोआप मोकळी होते आणि दुसरा कुणी ती घेऊ शकतो. का चाललास, कुठे चाललास, कुणी विचारत नाही.

विचारण्यावरून एलओए (लीव्ह ऑफ अ‍ॅब्सेन्स, म्हणजे रजा) आठवलं. रजेच्या फॉर्ममध्ये 'कारण' हा रकाना कुणी घातला असेल त्याला माझा कोपरापासून नमस्कार. परीक्षा, आजारपण, घटस्फोट, नोकरी गेली, हे सगळं लोक तिथे लिहितात आणि शेसव्वाशे अनोळखी माणसं ते वाचतात. एका चॅनेलवर कुणीतरी घरातल्या मृत्यूबद्दल लिहिलं होतं. खाली स्टाफचं उत्तर होतं, "कृपया योग्य फॉरमॅटमध्ये टाका." ते उत्तर देणाराही बहुधा शाळकरी पोरगाच असावा, त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. राग त्या रकान्यावर आहे. कधीपासून, अंदाजे कधीपर्यंत आणि तोवर किल्ल्या कुणाकडे, एवढं सर्व्हरला पुरतं.

तासांच्या बाजूने एकच मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो. तास आंधळे असतात. अ‍ॅडमिनचा दोस्त असो की कालचा पोरगा, दोघांना आकडा तोच. आकडा काढला की वशिल्याला दार उघडतं, आणि ज्यांनी ओळखीपाळखीवर चाललेले सर्व्हर पाहिलेत ते या बाबतीत घाबरतात ते उगाच नाही. पण आकडा ठेवून वशिला जातो का? दोस्ताला "अरे त्याचा एलओए होता" म्हणून सांभाळून घेतलेलं मी कित्येकदा पाहिलंय. निर्णय स्टाफच्या हातून काढून गटाकडे द्यायचा असेल तर त्यांनाच विचारा ना. गेल्या महिन्यात तुमच्या बॉसमुळे काही अडलं का? अमुक गँगच्या पाच जणांनी "हो, भरती अडलीय" म्हटलं तर त्याला कुठल्याही लॉगची गरज नाही.

सोपा नियम असा करता येईल. ज्या रोलवाचून इतरांचा खेळ थांबतो, त्या प्रत्येक रोलला पहिल्या दिवसापासून एक डेप्युटी, आणि त्याला बॉस मेन्यूची पूर्ण परवानगी. दोन आठवडे निरोप नाही, तर डेप्युटी कार्यवाहक. लिहायच्या आरपीत तीन दिवस पोस्ट नाही, तर पाळी पुढे. आणि साधा मेकॅनिक, टॅक्सीवाला, बारटेंडर, रस्त्यावरचा गिटारवाला यांना काहीही अट नको. ते सहा महिन्यांनी उगवले तरी कुणाचं काय बिघडतं?

राहतो एकच नाजूक प्रश्न. जुना चीफ दोन महिन्यांनी परत आला आणि डेप्युटीने तोवर डिपार्टमेंट त्याच्यापेक्षा चांगलं चालवलंय. माझ्या मते खुर्ची डेप्युटीचीच. पण मग जुन्याची उचलबांगडी डिस्कॉर्डवर, म्हणजे सर्व्हरच्या चॅटवर, त्याच्या नावाला असलेला रोलचा रंग पुसून करू नका. ती सीनमध्ये करा. मेयरने बोलावून घ्यावं, चौकशी बसावी, निरोपाची परेड व्हावी, किंवा त्याने वर्दी उतरवून खासगी डिटेक्टिव्हचं ऑफिस थाटावं आणि पहिली केस आपल्याच जुन्या डिपार्टमेंटविरुद्ध घ्यावी. मला विचाराल तर ही केस मी सुट्टी काढून खेळायला येईन.