घट्ट्यांचा वारसा आणि वहीतले अंगठे: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, गावच्या जुन्या महिला मंडळाच्या वह्या आणि जात्यावरच्या ओव्या जपण्याबद्दल मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगते. तुम्ही लिहिलंत, "माझ्या आईच्या तळहाताला जात्याच्या खुंट्याने पडलेले घट्टे मी पाहिलेत. ते घट्टे म्हणजे वारसा? आणि महिला मंडळं म्हणजे हळदीकुंकू, पाहुण्यांचा सत्कार आणि ग्रुप फोटो. यापेक्षा आजच्या बायकांसाठी काही करा." जपणूक हे रिकामटेकड्या शहरी लोकांचं काम आणि संघटना हे खरं काम, असंही तुम्ही म्हटलंत. शिवाय यावर खर्च किती होतो आणि हे सगळं गोळा होऊन कुणाच्या ताब्यात जातं, तेही विचारलंत.

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण घाईने द्यावं असं ते नव्हतं.

आधी फोटोचं. लेखावर मी रांगोळी काढलेलं, हळदकुंकू वाहिलेलं जातं टाकलं होतं. तुमच्या आईने पहाटे चारला उठून ज्याच्यावर दळलं, ते जातं तसं दिसत नव्हतं. फोटो चुकीचा होता, मी काढून टाकला आहे.

जात्याचे कष्ट परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांची पहाटेची झोप वाढली, याहून चांगली गोष्ट त्या काळात त्यांच्या वाट्याला क्वचितच आली असेल. पण दळणं वेगळं आणि दळताना त्या जे बोलल्या ते वेगळं. गिरणीने दळणाची सुटका केली, आणि त्यासोबत बोलायची जागाही गेली. सासूचं, नवऱ्याचं, माहेराला न नेणाऱ्या भावाचं, मेलेल्या लेकराचं, जे चारचौघांत उच्चारता येत नव्हतं ते जात्यावर म्हणता येत होतं. बीड जिल्ह्यात माजलगावच्या बाया जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या म्हणत. हे सगळं घट्ट्यांसोबत पुसून टाकायचं का?

गेल्या वर्षी एका आजींकडे गेले होते, वय ऐंशीच्या पुढे. खुर्चीवर बसवून समोर फोन धरला, तर त्यांना दोन ओव्यांपुढे आठवेना. "काय बाई, इसरले सारं," म्हणाल्या. त्यांच्या सुनेने पडवीतलं जातं ओढून आणलं, मूठभर ज्वारी दिली. आजींनी एक पाय लांब केला, दुसरा दुमडला, डाव्या हाताने जात्यात दाण्यांची वैरण घातली आणि खुंटा फिरवला. दुसऱ्या फेऱ्याला आवाज फुटला. मग तासभर थांबल्या नाहीत. सून समोर बसून खुंट्याला हात लावत होती आणि मधेच म्हणाली, "आत्याबाई, हे मला कधीच सांगितलं नाही तुम्ही." ओवीत त्यांच्या पहिल्या मुलीचं नाव होतं. ती मुलगी होती हेच सुनेला माहीत नव्हतं.

आता तुमचा खरा मुद्दा: जपणूक हे रिकामटेकड्या शहरी लोकांचं काम, आणि संघटना हे खरं काम. ही वाटणी मला मान्य नाही, आणि का नाही ते सांगते. मराठीतला ओव्यांचा सर्वांत मोठा संग्रह विद्यापीठातल्या टेबलावर सुरू झाला नाही. ऐंशीच्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ हे सामाजिक कार्यकर्ते आणि अभ्यासक पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेसोबत काम करत होते. बायकांशी त्यांच्या जगण्याबद्दल बोलायचं तर वाट कुठून काढायची, हा प्रश्न होता. ती वाट ओव्यांतून निघाली. गावोगावच्या कार्यकर्त्या बायांनी आपल्याच गावातल्या, आपल्याच नात्यातल्या बायांकडून ओव्या गोळा केल्या. हजारावर गावांतून लाखाहून जास्त ओव्या जमल्या. पॉइतव्हाँ 2004 साली गेले, पुढे हेमाताईही गेल्या. 2017 पासून 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्या ओव्या आवाजासकट, गाणारीच्या नावागावासकट येऊ लागल्या. नावासकट, हे मला फार मोलाचं वाटतं. लोकगीत म्हटलं की रचणारी बाई बेनाम होऊन जाते.

आणि मंडळांचं. हळदीकुंकवाबद्दल तुमचा राग रास्त आहे. ज्या समारंभात विधवेला दाराबाहेर ठेवतात, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण मी जी वही वाचतेय ती सिन्नर तालुक्यातल्या एका गावच्या मंडळाची, लाल कापडी बांधणीची प्रोसिडिंगची, म्हणजे सभेच्या ठरावांची वही. त्यातलं एक पान जानेवारी 1994 चं. ठराव एका ओळीचा: "हळदीकुंकवाला गावातील सर्व बायांना बोलवावे असे ठरले." विधवा हा शब्द त्यात कुठेही नाही, लिहायची गरजच नव्हती. 'सर्व' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या आहेत. आणि खाली तीन नावांसमोरची जागा कोरी आहे. त्या हजर होत्या, वर हजेरीत त्यांचे अंगठे आहेत, पण ठरावाखाली त्यांनी अंगठा दिला नाही. ते भांडण वहीत आजही तसंच आहे, मिटलेलं नाही.

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. त्याचं कौतुक राज्यभर झालं आणि व्हायलाच हवं होतं. पण ती लाल वही रद्दीत गेली असती, तर आपण समजलो असतो की खेड्यातल्या बायांना हे 2022 सालीच सुचलं.

त्याच वहीत मागे, नोव्हेंबर 1986 च्या नोंदीत लिहिलंय: "चांदवडला जाणेसाठी ट्रकभाडे माणशी 5 रुपये. भाकरी आपापली घेणे." चांदवडला त्या महिन्यात शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखांनी बाया जमल्या होत्या. पुढे बायकोच्या नावावर जमीन करण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम त्याच चळवळीतून निघाली. त्या अधिवेशनाची भाषणं छापलेली सापडतात. पाच रुपयांची नोंद मात्र या एकाच वहीत आहे, आणि त्या पाच रुपयांसाठी कुणी अंडी विकली असतील, कुणी नवऱ्याशी खोटं बोललं असेल.

आणखी एक गोष्ट, लिहिल्याशिवाय राहवत नाही. सुरुवातीच्या पानांवर सगळे अंगठेच आहेत, जांभळ्या शाईचे, बाजूला "निशाणी डावा अंगठा" असं सेक्रेटरीच्या अक्षरात. एका बाईचा अंगठा मी ओळखायला लागले होते, कारण त्यावर आडवा व्रण होता, विळ्याचा असावा. साक्षरता अभियान आलं त्या सुमारास एका पानावर तो अंगठा दिसेना. मला वाटलं बाई गेली. मग पाहिलं, तिच्या नावासमोर सही होती. पहिलं अक्षर ठसठशीत, दुसरं ओळीखाली घसरलेलं, वरची रेघ तीन तुकड्यांत. त्यापुढे एकदाही अंगठा नाही.

या वह्या कुठे असतात माहितीये? सेक्रेटरीबाईंच्या ट्रंकेत. त्या वारल्या की मुलं ट्रंक रिकामी करतात. नव्वदनंतर बचत गट आले, मंडळं मागे पडली. बँकेला चालू खात्याची वही लागते, तीस वर्षांपूर्वीची कोण सांभाळणार? मी गेले त्या दुसऱ्या एका गावात वाळवीने पुठ्ठा तेवढा ठेवला होता.

खर्चाचं विचारलंत. आतापर्यंत एसटीचं भाडं, कागदी पिशव्या, एक जुना फोन दुरुस्त करून घेतला तेवढंच. कुणाच्या योजनेतला रुपया यात वळवलेला नाही. आणि वारसा पोट भरत नाही असंही नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी बचत गटातल्या बायांना सोबत घेऊन गावरान बियाणं जपलं, 2020 चं पद्मश्री त्यांना त्यासाठीच जाहीर झालं. ते बी गाडग्यामडक्यांत राखेत घालून ठेवायची विद्या त्यांना आईआज्ज्यांकडूनच मिळाली.

हे सगळं गोळा करून कुणाच्या ताब्यात जातं, ही तुमची शंका मात्र माझीही आहे. वही गावाबाहेर न्यायची नाही, फोटो तिथेच काढायचे आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवायची, असं आम्ही ठरवलंय. एका मावशींनी सांगितलं, माझ्या ओव्या घ्या पण सासरचं नाव घालू नका. घातलं नाही. एकीने ओव्याच द्यायला नकार दिला. तिच्याकडे मी परत गेले नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत शेवटी ओझरतं लिहिलंय की आई अजून आहेत आणि तुमच्याकडेच असतात. एक विनंती करते, ओव्या विचारू नका, त्यांना कदाचित नकोशा असतील. एवढंच विचारा, की जात्यावर त्यांच्या समोर बसून खुंट्याला दुसरा हात कुणाचा असायचा.