ठेका काढला तर काय उरतं? ‘झिंगाट’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुम्ही नावाच्या जागी ‘सदाशिव पेठेतला जुना श्रोता, वय ७४’ एवढंच लिहिलंय, म्हणून काका म्हणतो.

‘सैराट’ला दहा वर्षं झाली त्या निमित्ताने मी ‘झिंगाट’वर लेख लिहिला आणि त्यावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या मते हे गाणं नाही, गोंगाट आहे. हॉलिवूडला जाऊन रेकॉर्डिंग केल्याने ते थोर होत नाही. शब्दांना अर्थ नाही. गणपतीच्या मिरवणुकीची या गाण्याने वाट लावली. आणि ज्या पुण्यात गीतरामायण जन्माला आलं, तिथल्या माणसाने याचं कौतुक करावं याचं तुम्हाला वाईट वाटलं. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘ठेका काढून घ्या आणि मग सांगा, काय उरतं?’

हा शेवटचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून गेला नाही. त्याच्याकडे येतोच. आधी जिथे तुमचं बरोबर आहे तिथून सुरुवात करतो.

रेकॉर्डिंगबद्दल मी ढिसाळ लिहिलं होतं. अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेज या स्टुडिओत साठाहून जास्त वादकांचा ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला, हे खरं. पण माझं वाक्य असं झालं होतं की जणू ‘झिंगाट’ची सगळी ताकद तिथून आली. तो ऑर्केस्ट्रा ऐकायचा तर ‘याड लागलं’ ऐकावं. व्हायोलिनांचे थर एकावर एक चढत जातात आणि विहिरीत उडी मारणारा पोरगा मोठ्या पडद्याएवढा मोठा होतो. ‘झिंगाट’चं बळ वेगळ्या ठिकाणचं आहे. ते वाक्य मी लेखात बदललं आहे. दाखवून दिलंत, आभारी आहे.

आता शब्द. ‘अर्थहीन’ म्हणालात, इथे मी अजिबात मागे हटणार नाही. झिंग हा आपला जुना शब्द, नशेचा. त्याला ‘आट’ लावून मराठी काय काय करते बघा: सुसाट, भन्नाट, घमघमाट, लखलखाट, थयथयाट. खुद्द सिनेमाचं नावही त्याच वळणाचं. या गाण्यात झिंगाटच्या जोडीला बुंगाट आहे, चिंगाट आहे. हे शब्द कोशात शोधायचे नसतात, पोरं मोटारसायकलवरून जाताना कानावर पडतात तसे घ्यायचे असतात. त्यातल्या अनुस्वाराकडेही लक्ष द्या. ‘झिंग’ म्हटलं की आवाज नाकात घुमतो, आणि तेच परत परत म्हटलं की डोक्यात भुंगा फिरावा तसं होतं. अर्थ त्या घुमण्यात आहे.

त्याहून मोठी गोष्ट माझ्या लेखात राहून गेली होती. या गाण्यातला पोरगा स्वतःच्या प्रेमाला ‘बाधा’ म्हणतो. अंगात वारं भरलं म्हणतो. काका, हे शब्द कुठले? जत्रेतले, गोंधळातले. देवाचं वारं येतं, बाधा होते, माणूस घुमायला लागतो. म्हणजे प्रेमात पडणं हे त्याच्या लेखी अंगात येण्यासारखं आहे, ते त्याच्या हातात नाही. याच दोन भावांनी ‘जोगवा’चं संगीत केलं आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे अंगात येणं खऱ्याखुऱ्या देवीचं होतं, इथे ते सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या प्रेमाचं आहे. भाषा तीच. ‘झालोया’, ‘आलोया’ असं बोलणारा पोरगा याहून नेमकं काय म्हणाला असता?

आणि हे गाणं सिनेमात कुठे येतं ते आठवा. आर्चीच्या भावाचा वाढदिवस. पाटलांच्या दारात गाव जमलंय. मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या तिथे मित्रांबरोबर नाचतोय आणि ज्या घराच्या अंगणात नाचतोय त्याच घरातल्या पोरीकडे बघतोय. नाच बसवल्यासारखा वाटत नाही, वरातीत पोरं नाचतात तसाच आहे. त्याच रात्री दोघं पकडली जातात. मार, पळापळ, पोलीस, हैदराबादची झोपडपट्टी, सगळं त्यानंतर. असं नाचणं सिनेमात परत येत नाही.

मी २०१६च्या मे महिन्यात डेक्कनजवळच्या थिएटरात बघितला. ‘झिंगाट’ सुरू झालं आणि पुढच्या रांगांमधली पोरं उठून थेट पडद्यासमोर गेली. कुणी रुमाल दातात धरलेला, कुणी शर्ट काढून गरगर फिरवतोय. त्यांच्या सावल्या पडद्यावर परश्याच्या पायांशी नाचत होत्या. मला तेव्हा राग आला होता, नीट दिसत नाही म्हणून. शेवटचं दृश्य तुम्हाला माहीत असेल. लहान मूल घरातून बाहेर येतं आणि पडद्यावरचा आवाज पूर्ण बंद होतो. ज्या सिनेमाने मधोमध एवढा दणका केला, तो शेवटी स्वतःहून सगळा आवाज काढून घेतो. ती नाचणारी पोरं माझ्या पुढेच बसली होती. दिवे लागले तरी त्यातलं कुणी उठलं नाही. माझ्या शेजारची बाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. पार्किंगमध्ये गाड्या निघत होत्या आणि माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. ‘झिंगाट’ तेवढं मोकळं नसतं, तर ती शांतता एवढी जड झाली असती का? मला नाही वाटत.

मिरवणुकीबद्दल. आम्ही टिळक रोडपासून हाकेच्या अंतरावर राहतो. माझ्या वडिलांची बायपास झालेली आहे. विसर्जनाच्या रात्री एका मंडळाची स्पीकरची भिंत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाऊण तास उभी होती. शोकेसच्या काचा थरथरत होत्या, देवघरातली समई हलत हलत कडेला आली होती, आणि बाबा आतल्या खोलीत छातीवर हात ठेवून, डोळे मिटून बसले होते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. त्या रात्री तिथे ‘झिंगाट’चे दोन तुकडे वाजले, बाकी वेळ नुसता बेस. त्या मंडळाबद्दल तुमच्याइतकाच राग मला आहे, मी लेखी तक्रारही दिली. पण भिंत गाण्याने उभी केली नाही. त्या भिंतीवर आरती लावली असती तरी समई हललीच असती. आणि खरं सांगू, त्या भिंतीवर ‘झिंगाट’ ऐकूच येत नाही. त्यातला ताल, शब्द, दोन आवाजांची मस्ती, सगळं त्या घरघरीत बुडून जातं. माझी तक्रार तुमच्यापेक्षा एकाने जास्त आहे.

राहिलं पुणं. गीतरामायण १९५५मध्ये आपल्या आकाशवाणीवरून सुरू झालं, आठवड्याला एक गीत, आणि लोक रेडिओला हार घालायचे असं माझी आजी सांगायची. आमच्या घरात ते आजही लागतं. पण पुणं म्हणजे तेवढंच नाही. होनाजी बाळा याच शहरात लावण्या गात होते. आपल्या घरात पहाटे भक्तिभावाने लागणारी ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी त्याच होनाजीच्या नावावर आहे. आर्यभूषण थिएटरात तमाशाचे फड रंगत होते, तेही पुण्यातच, तुमच्या पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि अजय-अतुल? वडील महसूल खात्यात, त्यामुळे बालपण शिरूर, जुन्नर, घोडेगाव, राजगुरुनगर असं पुणे जिल्ह्याच्या तालुक्यांत गेलं. घरात गाण्याची परंपरा नाही, रीतसर तालीम नाही. त्या गावांत कानावर काय पडतं? भजनी मंडळ, काकडआरती, गोंधळ, जत्रेतला ढोल, लग्नातला बँड. ते सगळं त्यांनी ऐकलं आणि त्यातलं काहीही कमी प्रतीचं मानलं नाही. हे पुण्याबाहेरचं नाही, काका. आपण पेठांच्या हद्दीला पुणं म्हणतो एवढंच.

यांच्याच ‘कोंबडी पळाली’चं हिंदीत ‘चिकनी चमेली’ झालं तेव्हा चाल तेवढी तिकडे गेली, शब्द सगळे बदलले. ‘झिंगाट’ २०१८मध्ये ‘धडक’साठी हिंदीत गेलं, अमिताभ भट्टाचार्य यांनी नवे शब्द लिहिले, पण मुख्य शब्द तसाच ठेवावा लागला. त्याला दुसरा पर्याय नव्हता. एक मराठी शब्द जसाच्या तसा देशभर नाचला, याचा मला फार आनंद होतो.

आता तुमचा प्रश्न. ठेका काढला तर काय उरतं?

माझे मामा राजगुरुनगरला राहतात. चाळीस वर्षं बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतायत. २०१६च्या उन्हाळ्यात त्यांना प्रत्येक सुपारीला एकच फर्माईश येत होती. नोटेशन त्यांना येत नाही, ते कानाने गाणं बसवतात. एका दुपारी मी त्यांच्याकडे होतो. बाहेर ऊन, मामी झोपलेली, म्हणून मामा मागच्या पडवीत बसून अगदी हळू वाजवत होते. ताशा नाही, ढोल नाही, साइड ड्रमही नाही. निम्म्या वेगात, एकटं क्लॅरनेट. मुखडा मोजक्याच सुरांत फिरतो हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. मामा म्हणाले, ‘चालता चालता वाजवायला बरंय. लांब कुठं जात नाही, श्वास पुरतो.’ हळू वाजवल्यावर त्यातली मस्ती गेली आणि खाली एक हुरहूर निघाली, घाबरलेल्या पोराची. मामांनी तो मुखडा तीन-चारदा वाजवला. मध्ये थांबून रीड ओली केली, परत वाजवला.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर वरातीला गेलो. पूर्ण वेगात ‘झिंग झिंग’ आलं की मामांना कुठेतरी श्वास घ्यावाच लागे, तर ते मधला एक ‘झिंग’ सोडून देत. तेवढ्या रिकाम्या जागेत अख्खी वरात तोंडाने ‘झिंग’ म्हणायची. कुणी सांगितलेलं नव्हतं. नवरदेवाचे आजोबा घोड्याच्या बाजूने चालत होते, फेटा सावरत, तेही म्हणत होते.

मामा येत्या दिवाळीत आमच्याकडे येणार आहेत, क्लॅरनेट घेऊन. चहाला या. टिळक रोडवरून आत वळलं की दुसरी इमारत. ढोल-ताशा कुणी आणणार नाही, हा माझा शब्द.