शके १८१५ म्हणजे सन १८१५ नव्हे: ‘जुनी पोथी, लाखांचं घबाड’ या फॉरवर्डला उत्तर

व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरणाऱ्या एका मजकुराचा गोषवारा असा: घरात शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक, हस्तलिखित पोथी किंवा मोडी कागद असेल तर रद्दीत देऊ नका. जितकं जुनं तितकं महाग. पहिल्या आवृत्तीला लाखो रुपये मिळतात. पानं लॅमिनेट करा, नवी बांधणी करून घ्या, डांबरगोळ्या ठेवा. परदेशी संग्राहक थेट घरून विकत घेतात, फक्त फोटो पाठवा.

यातलं ‘रद्दीत देऊ नका’ एवढंच धरून ठेवावं. बाकीचं एकेक करून पाहू.

‘शंभर वर्षं झाली की पुस्तक दुर्मिळ’

वय आणि दुर्मिळता यांचा संबंध फार सैल आहे. शिवलीलामृत, हरिविजय, पांडवप्रताप यांच्या छापील पोथ्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गठ्ठ्यांनी छापल्या गेल्या आणि देवघरात बासनात राहिल्यामुळे टिकल्याही. सव्वाशे वर्षांची अशी पोथी आजही सहज मिळते. उलट ज्या छापील वस्तूंना कुणी ‘ग्रंथ’ मानलं नाही, त्या खरोखर नाहीशा झाल्या: जत्रेत विकली जाणारी लावण्यांची चोपडी, नाटकाची हँडबिलं, पहिलीची क्रमिक पुस्तकं, औषधांच्या आणि बियाण्यांच्या याद्या. त्यांचं वय साठ-सत्तर वर्षंच असलं तरी जाणता विक्रेता त्यांच्याकडे आधी वळतो.

खऱ्या अर्थाने जुनं मराठी मुद्रण कोणतं, याला ठरलेली चौकट आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरला (सेरामपूर) मिशनरी विल्यम कॅरीच्या देखरेखीखाली १८०५ मध्ये मराठी व्याकरण छापलं गेलं. तिथपासून साधारण १८६७ पर्यंतच्या पुस्तकांना आपल्याकडे ‘दोलामुद्रिते’ म्हणतात, म्हणजे पाळण्यातल्या वयाची छपाई. त्या काळातलं काही हाती लागलं तर थांबून पाहावं. दुर्मिळतेचं टोक पाहायचं तर फादर स्टीफन्स या ख्रिस्ती धर्मोपदेशकाचं क्रिस्तपुराण हे मराठी काव्य घ्या. ते १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघालं, आणि या तिन्ही छापांची एकही प्रत उपलब्ध असल्याची नोंद नाही.

१९२० च्या आसपासच्या पुस्तकाबद्दल शंका असेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची काढावी. १८०० ते १९३७ मधली छापील पुस्तकं तिच्यात विषयवार नोंदलेली आहेत. मग मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर यांच्या यादीत ते आहे का, हे बघावं. तिन्ही ठिकाणी सापडलं आणि स्कॅनही फुकट मिळत असेल, तर किंमत ठरते ती तुमच्या प्रतीच्या अवस्थेवर.

‘पुस्तकावर १८१५ लिहिलंय, म्हणजे दोनशे वर्षं झाली’

मूळ मजकुरात हे वाक्य नसतं, पण त्याखालच्या प्रतिक्रियांत हमखास असतं. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

जुन्या मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, म्हणजे आतल्या नावाच्या पानावर, अनेकदा नुसतं शक असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौषातल्या जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. म्हणजे शके १८१५ हे सन १८९३-९४ झालं. सोबत संवत्सराचं नाव दिलेलं असेल तर तेही ताडून पाहता येतं: शके १८१५ चं नाव विजय, आणि साठ वर्षांचं चक्र दोनदा फिरून शके १९३५ पुन्हा विजय. नाव आणि आकडा जुळत नसतील तर एक तर छापण्यात चूक आहे किंवा आकड्यावर कुणीतरी हात फिरवलाय.

दुसरा सापळा मुखपृष्ठाच्या पाठीमागे असतो. ‘सन १८६७ चा आक्ट २५’ प्रमाणे पुस्तक रजिस्टर केल्याची ओळ तिथे दिसते. हे पुस्तकनोंदणीच्या कायद्याचं वर्ष आहे, प्रकाशनाचं नव्हे. १९१० चं पुस्तक या ओळीच्या जोरावर ‘१८६७ चं’ म्हणून विकायला येतं. काही वेळा १८४७ चा आक्ट २० दिसतो, तो स्वामित्वहक्काचा कायदा.

वर्षच नसेल तर पुस्तक स्वतः बोलतं. किंमत ‘नये पैसे’मध्ये असेल तर ते १ एप्रिल १९५७ नंतरचं. ठिपक्याठिपक्यांचा फोटो छापलेला असेल तर ते १८५० चं असूच शकत नाही. पानाच्या मागच्या बाजूवरून बोटाचं टोक हलकेच फिरवा. खिळे जुळवून छापलेल्या पानावर अक्षरांचा दाब कळतो. मुखपृष्ठ जुनं आणि पान मागून गुळगुळीत असेल, तर ते नंतर ऑफसेटवर काढलेलं पुनर्मुद्रण असण्याचा संभव जास्त.

‘पोथी हाताने लिहिलेली आहे’

दहापैकी किती पोथ्या हस्तलिखित निघतात हा आकडा देण्यात अर्थ नाही, पण शिळाछापाची पोथी हस्तलिखित समजून आणणारे रोजचेच. शिळाछापात लेखक आधी तेलकट शाईने हातानेच लिहितो. ते लेखन दगडावर उतरवून त्यावरून शेकडो प्रती काढतात. त्यामुळे अक्षराला हाताचं वळण असतं, समास आखलेले असतात, पानंही सुटी असतात. डोळा फसतो, त्यात त्याचा दोष नाही.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनार वापरतात ते. बोरूने लिहिलेल्या ओळीत शाईत बुडवल्यानंतरची पहिली काही अक्षरं गडद असतात, पुढे फिकट होत जातात, मग पुन्हा गडद. रेघ जिथे संपते तिथे शाईचा थेंब साचलेला दिसतो. शिळाछापात काळेपणा पानभर सारखा असतो. चूक दुरुस्त करायला हस्तलिखितात पिवळी हरताळ लावलेली असते, आणि तिच्यावर पुन्हा लिहिलेलं असतं. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. दंड, अध्यायाची समाप्ती, ‘उवाच’ हे शब्द बहुधा हिंगुळाने किंवा गेरूने तांबडे केलेले असतात. शेवटचं पान मात्र आधी पाहावं. तिथे छापखान्याचं नाव सापडलं की विषय मिटला. एक सावधगिरी: हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं. थुंकी लावून पानं उलटू नयेत, आणि हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये.

हस्तलिखितांसाठीच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनच्या व्याख्येत शिळाछाप हस्तलिखितात मोडत नाही. हस्तलिखित किमान ७५ वर्षांचं आणि हाताने लिहिलेलं असावं लागतं.

सचित्र पोथीचं पान असेल तर चित्राची कड भिंगाखाली धरा. साध्या, चित्र नसलेल्या जुन्या पानांवर नवी चित्रं रंगवून विकायचा धंदा जुना आहे. रंगाच्या खालून अक्षरं डोकावत असतील तर चित्र नंतरचं. अशा पानाचं चित्रही गेलं आणि मजकूरही गेला.

‘मोडी कागद म्हणजे शिवकाल’

मोडी विसाव्या शतकातही सर्रास लिहिली जात होती. घरात सापडणारे बहुतेक मोडी कागद गहाणखतं, खरेदीखतं, सावकारी हिशेब, जमाखर्च असतात. स्टँपपेपर असेल तर त्याच्यावरच्या शिक्क्यातला राजा किंवा राणी पाहिली की काळ लगेच आवळता येतो.

कालगणनेचा फटका इथेही बसतो. पेशवाईतल्या कागदावर सुहूर सन असतो आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७२. हे यादवकाळातलं ११७२ नव्हे. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १७७१-७२ येतं. वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून दोन आकडे.

अशा कागदाचा भाव बहुतेक वेळा कमीच असतो, पण गावाचा, घराण्याचा, वतनाचा इतिहास लिहिणाऱ्याला तो लाखमोलाचा ठरू शकतो. म्हणून गठ्ठा फोडून ‘चांगले दिसणारे’ चार कागद वेगळे विकणं हा शुद्ध अडाणीपणा. कागद ज्या क्रमाने बांधलेत तो क्रमही पुरावा असतो.

‘पहिली आवृत्ती म्हणजे लाखो’

कोणाची पहिली आवृत्ती, हा प्रश्न आधी. जुनी मराठी पुस्तकं बरीच प्रामाणिक असतात: ‘आवृत्ती पहिली, प्रती १०००’ असं छापूनच देतात. पण ज्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती कधी निघालीच नाही, त्याची प्रत्येक प्रत पहिल्या आवृत्तीचीच असते. त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

दुसरं म्हणजे प्रत पुरी आहे का. नुसते शेवटचे पृष्ठांक बघून भागत नाही. प्रत्येक फर्म्याच्या (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या जुडीच्या) पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. सोळा पानी फर्मा असेल तर तो १, १७, ३३ अशा पानांवर येतो. ते आकडे सलग आहेत का ते पाहा. मग चित्रसूची काढून एकेक चित्र मोजा. चित्रं वेगळ्या कागदावर छापून नंतर चिकटवलेली असतात, त्यांना बहुधा पृष्ठांक नसतो, आणि फ्रेम करायला कापून नेलेली तीच असतात. नकाशे, शुद्धिपत्र, शेवटच्या जाहिराती, मूळ कागदी कव्हर यांतलं काय आहे आणि काय नाही, हे लिहून ठेवा.

‘लॅमिनेट करा, नवी बांधणी करा’

हा सल्ला सगळ्यांत घातक. बाकीच्या चुकांनी फार तर अपेक्षाभंग होतो, इथे वस्तूच जाते.

लॅमिनेशनमध्ये उष्णतेने वितळलेलं प्लॅस्टिक कागदाच्या तंतूंत शिरतं. ते पुन्हा काढता येत नाही, आणि कागदातलं आम्ल आत कोंडून राहतं. चिकटपट्टीचंही तेच. काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा गोंद तपकिरी डाग होऊन आरपार उतरतो.

कोपऱ्यावरच्या बाइंडरकडे पुस्तक दिलं की तो मूळ कव्हर फेकतो, शिवण उसवून बाजूने टोचून शिवतो आणि तिन्ही कडा मशीनवर कापून ‘साफ’ करतो. समासातल्या टिपा अर्ध्या जातात, बाजूच्या शिवणीमुळे पुस्तक पुरतं उघडत नाही, आणि ठिसूळ पानं शिवणीपाशीच तुटायला लागतात. खिळखिळं पण मूळ बांधणीतलं पुस्तक नव्या रेक्झिनमधल्या पुस्तकापेक्षा जास्त किमतीला जातं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. १७५० चा हातकागद आजही लवचिक असतो, कारण तो चिंध्यांचा आहे, आणि १९३० चं पुस्तक हातात चुरतं, कारण त्याचा कागद लाकडाच्या लगद्याचा आणि तुरटीची खळ दिलेला आहे. तुरटीमुळे आम्ल तयार होतं. अशा पुस्तकाला ऊन दाखवलं तर मरण जवळ येतं.

फाटलेलं पान जोडायचंच असेल तर जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळायचं, थंड झालं की गाळून पातळ करायचं. कुरडयांच्या चिकाची ही सख्खी बहीण, फक्त आंबवलेली चालत नाही. मैद्याची खळ नको, तिच्यातल्या प्रथिनांवर कसर तुटून पडते. खळ लागलेली जागा पाण्याने सोडवता येते, हा तिचा मोठा गुण.

डांबरगोळ्या किड्यांना दूर ठेवतात, आत भोकं पाडणाऱ्या अळीला मारत नाहीत. पानांतून ताजा भुसा गळत असेल तर साधं छापील पुस्तक हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या खाली दोन आठवडे ठेवावं. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर दव धरतं. चित्रं रंगवलेल्या पोथीवर हा प्रयोग घरी करू नये. कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू पावसाळी दमट हवा आहे. आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर राहिली की बुरशी येते, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं दूर आणि पुस्तकं सैल हवीत.

‘परदेशी संग्राहक थेट घेतात’

पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा केंद्रीय कायदा १९७६ पासून लागू आहे. त्यात शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मूल्य असलेलं हस्तलिखित वा दस्तऐवज ७५ वर्षांनी पुरावस्तू ठरतो, आणि साहित्य, धर्म, चालीरीती यांवर प्रकाश टाकणारी इतर वस्तू १०० वर्षांनी. खासगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं, वर दंड. मर्यादा सरकती आहे: दहा वर्षांपूर्वी ज्या पुस्तकाला शंभर वर्षं झाली नव्हती, त्याला आज झालेली असू शकतात. शंका असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्यावा, मगच पार्सल. सचित्र हस्तलिखितं घरात ठेवायची तरी नोंदणी लागते. पुरावस्तूंचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. शंभर वर्षांच्या आतलं साधं छापील पुस्तक देशातल्या देशात विकायला यातलं काही लागत नाही.

आणि ‘फोटो पाठवा’ नंतर जे येतं ते ओळखीचं आहे: लाखोंची बोली, पाठोपाठ नोंदणी शुल्क, मग कर, मग कमिशन. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाखाली असंच चालतं, आणि त्यात आपलं नाव वापरलं जात असल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केलं होतं. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा ग्राहक नसतो.

खऱ्या विक्रेत्याला फोटो पाठवायचे ते असे: मुखपृष्ठ आणि त्याची पाठ, शेवटचं छापील पान, पुठ्ठ्याचा कणा, सर्वांत वाईट फाटलेलं पान, आणि कडेला मोजपट्टी ठेवून एक पूर्ण पान. सोबत एकूण पानं आणि चित्रांचा आकडा. फ्लॅश बंद.