‘कितीही जुना लॅपटॉप’ नव्यासारखा पळत नाही

सध्या हा सल्ला घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय: ‘विंडोज 10 चा सपोर्ट संपला तरी घाबरू नका. लॅपटॉप कितीही जुना असू द्या, पपी लिनक्स टाका, एक पैसा खर्च न करता नव्यासारखा पळेल.’

14 ऑक्टोबर 2025 ला सपोर्ट संपला, एवढं खरं. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टम आणि पपी हा तिचा एक हलका प्रकार. मी स्वतः रोज लिनक्सच वापरते आणि चालता लॅपटॉप भंगारात गेलेला मला बघवत नाही. म्हणूनच हा सल्ला खटकतो. त्यावर विसंबून लोक दोन दिवस झटतात, हिरमुसतात आणि लॅपटॉप शेवटी भंगारवाल्याकडेच जातो.

‘कितीही जुना’? आधी प्रोसेसर बघा. 2008 च्या सुमाराच्या नेटबुकांमधला (छोट्या लॅपटॉपमधला) अ‍ॅटम एन270 हा प्रोसेसर 32 बिटच आहे, म्हणजे 64 बिट सिस्टम त्यावर चालत नाही. लिनक्सच्याच प्रकारांपैकी उबुंटूने 32 बिट केव्हाच सोडलं, डेबियन 13 मध्ये त्याचा इन्स्टॉलर नाही आणि फायरफॉक्सनेही 145 पासून 32 बिट लिनक्स सोडलं. अशा नेटबुकवर अँटिएक्स 23 हे हलकं लिनक्स घाला आणि लिहिण्यावाचण्यापुरतं वापरा. कोअर टू ड्युओ प्रोसेसरचं मात्र उलट: तो 64 बिट आहे, पण वर 32 बिट विंडोज असल्यामुळे लोक त्यालाही उगाच बाद करतात.

‘पपी लिनक्स टाका’? पपी सुरेख आहे, पेनड्राइव्हवरून अडकलेल्या फाइली काढायला तर फारच. पण तो स्वतः रॅममध्ये जाऊन बसतो. रॅम 1 जीबी असेल तर ब्राउझरला उरतं काय? शिवाय त्यात आपण सहसा रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणूनच वावरतो, त्यावर बँकेचं काम मी कुणाला करू देणार नाही. आणि खरं ओझं असतं ब्राउझरचंच. हलकी सिस्टम दोन-तीनशे एमबीत मावते, यूट्यूबचं एक पान तेवढी रॅम सहज खातं.

‘एक पैसा खर्च न करता’ हे सगळ्यात फसवं. मावशीच्या कोअर टू ड्युओवर मी एमएक्स लिनक्स टाकलं, तरी फायरफॉक्स उघडायला मिनिटभर लागायचं. मग खालचं झाकण उघडलं, जुनी हार्ड डिस्क काढून अडीच इंची साटा एसएसडी बसवली, रॅम 2 ची 4 जीबी केली, पंख्यातला धुळीचा नमदा चिमट्याने ओढून काढला. ब्राउझर पटकन उघडू लागला, पण एकही साइट उघडेना, प्रत्येक ठिकाणी ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. शेवटी घड्याळाकडे लक्ष गेलं: 2009 साल! घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा बटणसेल मेला होता आणि चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर साइटची प्रमाणपत्रं मानत नव्हता. तो बदलला आणि सगळं सुरळीत झालं. टायपिंगसाठी आयबस घालून इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्डही दिला. आता मावशी रोज मराठीत लिहितेय.

तुम्हीही विंडोज पुसण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून बघा: वायफाय, आवाज, ब्राइटनेस. ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर लॅनची वायर जवळ ठेवा, ड्रायव्हर उतरवायला लागू शकते.