संन्यास घ्यावा, पण राजधानीच्या जवळ

चीनमधल्या डोंगरांत राहणाऱ्या तपस्व्यांविषयी वाचून तुम्हालाही विरक्ती आली असेल, तर अभिनंदन! ती बहुधा रविवारी दुपारी, जेवणानंतर येते. झोपेत दवडू नका, कामाला लागा.

आधी डोंगर. दुर्गम, धुक्यात हरवलेला वगैरे डोंगर नवशिके निवडतात. तुम्ही चोंगनान निवडा. आजच्या शिआनच्या दक्षिणेला, म्हणजे थांग राजवटीतल्या छांगआन राजधानीच्या उशाशीच. जगाकडे पाठ फिरवायची, तर ती पाठ जगाला दिसायला नको?

गुरू करावा थांग काळातल्या लू त्सांगयोंगला. सरकारी नोकरीची परीक्षा पास झाला, पण नेमणूक काही होईना. तेव्हा भावाला घेऊन हा चोंगनानात जाऊन बसला. लोयांगकडच्या शाओशी डोंगरावरही त्याचं बस्तान होतंच, कारण दरबार कधीकधी तिकडे हलायचा. लोक त्याला 'स्वारीबरोबरचा संन्यासी' म्हणत. म्हणोत बापडे. शेवटी दरबारातून बोलावणं आलंच, आणि पुढे मोठा हुद्दाही.

नंतर एकदा सीमा छंगचन हे ताओपंथी साधू राजाचा निरोप घेऊन दूर थिएनथाय डोंगराकडे परत निघाले होते. लूने चोंगनानकडे बोट दाखवलं: एवढी छान जागा असताना लांब कशाला जाता? साधू म्हणाले, मला तर तो सरकारी नोकरीचा जवळचा रस्ता दिसतो. 'चोंगनानचा जवळचा रस्ता' हा वाक्प्रचार चिनी भाषेत अजून चालतो. साधू खवचटच असतात, मनावर घेऊ नये.

मित्र मात्र पारखून घ्या. दंतकथेतल्या श्यू यौ या तपस्व्याची कथा ऐकली असेल. याओ राजाने राज्य देऊ केलं, तर ते ऐकूनच कान विटाळले म्हणून त्याने नदीवर जाऊन कान धुतले. काय रुबाब! पण तिथे छाओफू हा दुसरा तपस्वी वासराला पाणी पाजायला आलेला. तो म्हणाला, खोल दरीत राहिला असतास तर राजाला सापडला असतास का? आणि वासराचं तोंड बाटू नये म्हणून त्याला वरच्या अंगाला घेऊन गेला. असली माणसं शेजारी नकोत.

थंडी, उपास सोसवणार नसतील तर कवी बाइ जूयीचा मधला मार्ग आहे. डोंगरात गारठा, दरबारात गलबला. म्हणून 829 साली त्याने लोयांगला युवराजाच्या दिमतीतलं नावापुरतं पद पत्करलं. वर्षभर काम नाही, पगार महिन्याच्या महिन्याला, असं त्याने कवितेतच लिहून ठेवलंय. अशा जागेवर बदली कोणाला भेटून होते, ते तुम्हाला मी काय सांगणार!