‘धडा दहा वेळा वाचा’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

दहावीची परीक्षा जवळ आली की सातारा-सांगलीकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. धडा दहा वेळा वाचा, आपोआप पाठ होतो. महत्त्वाच्या ओळी रंगवा. गणिताचं प्रकरण हाती घेतलं की सगळी उदाहरणं सलग सोडवूनच उठा. पेपरच्या आदल्या रात्री जागून अख्ख्या पुस्तकावरून नजर फिरवा. पाठवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण चारही सल्ल्यांत मुलांचा वेळ वाया जातो.

आधी ते दहा वेळा वाचणं. तिसऱ्या वाचनाला धडा ओळखीचा वाटू लागतो आणि मूल म्हणतं, ‘येतंय मला.’ पेपरात पुस्तक समोर नसतं. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हे तपासलं. वाचल्यावर पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, एकदा वाचून पुढे नुसतं आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. हा सल्ला खरा वाटतो तो त्या पहिल्या पाच मिनिटांच्या जोरावर.

धडा एकदा समजून वाचा. (न समजता आठवायला बसाल तर कागद कोराच राहील.) पुस्तक मिटा, दहा मिनिटं आठवेल ते लिहा, सूत्रं-आकृत्यांसकट. मग पुस्तक उघडून सुटलेलं आणि चुकलेलं तेवढंच लाल पेनने भरा. ‘गुरुत्वाकर्षण’ घ्या. मोठा जी (G, गुरुत्व स्थिरांक) विश्वात सगळीकडे सारखा. छोटा जी (g, गुरुत्व त्वरण) ध्रुवावर 9.83 मी/से², विषुववृत्तावर 9.78. वाचताना दोन्ही वाक्यं पटतात, दोघांची गल्लत कोऱ्या कागदावरच उघडी पडते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे अडलं की लगेच पुस्तक उघडणं. मिनिटभर डोकं खाजवा. फायदा त्या ताणण्यातच आहे. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग दहाव्या दिवशी पुन्हा आठवायचा. कोरेगावहून एसटीने साताऱ्याला येणाऱ्यांना तर हे गाडीतही जमतं, तेही पुस्तक दप्तरात ठेवून.

रंगवण्याने पान पिवळं होतं, एवढंच. त्याऐवजी समासात प्रश्न लिहा: ब्राझीलच्या ईशान्य भागात पाऊस कमी का? माण-आटपाडीत कमी का, हे ज्याला सांगता येतं त्याला पर्जन्यछाया (डोंगराने वारे अडवल्याने पलीकडे पाऊस कमी पडणं) वेगळी पाठ करावी लागत नाही.

गणितातला सल्ला अर्धा बरोबर आहे. नवा प्रकार शिकताना पहिली चार-पाच उदाहरणं सलग हवीतच. पण वीस वर्गसमीकरणं ओळीने सोडवणारा मुलगा सहाव्यापासून प्रश्न वाचतच नाही, हात आपला चालत राहतो. पेपरात प्रकरणाचं नाव छापलेलं नसतं. ‘दोन संख्यांची बेरीज 27, वजाबाकी 1’ आणि ‘दोन संख्यांची बेरीज 27, गुणाकार 182’ ही दोन उदाहरणं शेजारी ठेवा. उत्तर दोन्हींचं 14 आणि 13, पण पहिलं रेषीय समीकरणांच्या जोडीने सुटतं, दुसऱ्यात वर्गसमीकरण मांडावं लागतं. हा फरक ओळखण्याचा सराव उदाहरणं मिसळल्याशिवाय होत नाही. तीन प्रकरणांतली चार-चार उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका आणि निघेल ते सोडवा. वेळही लावा: गणिताचा प्रत्येक भाग 40 गुणांचा आणि दोन तासांचा, म्हणजे गुणामागे तीन मिनिटं.

राहिलं जागरण. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, आणि झोप मोडली की येणाऱ्या गणितातसुद्धा अधिकाचं उणे होतं. आदल्या संध्याकाळी फक्त ते लाल पेनचे कागद काढा, नवा धडा उघडू नका, आणि दहाच्या आत दिवा बंद.